जपानच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेय: शाळा, घर, हिवाळा (अनुभव आणि थोडे प्रश्न)

सायली_निइगाता

नमस्कार मंडळी,

बरेच महिने वाचनमात्र होते. इथे यायच्या आधी मराठीत खूप शोधलं तर आयटीवाल्यांचं, तोक्योचं, निशिकासाईच्या भारतीय दुकानांचं भरपूर सापडलं, पण गावाकडच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या कुणाचं काही मिळेना. म्हणून धागा काढतेय, लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

मी सांगलीची, शिक्षण सगळं इंग्लिश मिडियममधून, बीएड केलं आणि पुण्यात एका सेमी-इंग्लिश शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवत होते, शाळा सुटल्यावर जपानीचा क्लास. एन४ ही जपानीची परीक्षा झाली, मग एका कंपनीमार्फत इंटरव्ह्यू झाले आणि मार्चअखेर इथे निइगाता प्रांतात एएलटी म्हणून आले. एएलटी म्हणजे वर्ग जपानी शिक्षकाचा असतो आणि आपण त्याच्या जोडीने इंग्रजी शिकवायचं. माझ्याकडे एक ज्युनिअर हायस्कूल आणि दोन प्राथमिक शाळा आहेत, आठवड्याचे वार वाटून दिलेत. शैक्षणिक वर्ष एप्रिलमधे सुरू होतं त्यामुळे मुलं नवीन, बदली होऊन आलेले शिक्षक नवीन आणि मी पण नवीन, हे एक बरं झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मोठ्या विमानतळावर उतरलात तर रेसिडेन्स कार्ड तिथेच हातात देतात, मग राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत गावाच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा, त्याच खेपेत हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचं पण विचारून घ्यायचं. इन्शुरन्स असला की दवाखान्यात बिलाच्या ३० टक्केच भरावे लागतात. बँकेत खातं उघडायला फोन नंबर लागतो आणि फोनवाल्याला खातं नाहीतर कार्ड लागतं, त्यात दोनतीन दिवस जातात, पण कंपनीचा माणूस सोबत असेल तर होऊन जातं. पहिला पगार एप्रिल संपून मे उजाडल्यावर मिळतो तेव्हा दीडदोन महिन्यांचे पैसे गाठीशी हवेतच, घराचं डिपॉझिट आणि काही ठिकाणी मालकाला परत न मिळणारी रक्कम पण द्यावी लागते.

आता शाळेचं, कारण मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून आतले घालायचे हे माहीत होतं. स्टाफरूम म्हणजे एक मोठा हॉल, सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटून, आणि मधोमध उपमुख्याध्यापक बसतात, त्यांच्या नजरेखालून शाळेतली प्रत्येक गोष्ट जाते. आत येताना आणि निघताना मोठ्याने बोलायचं असतं. पुण्यात मी वर्गातून वर्गात पळायचे, इथे तासामधल्या वेळात टेबलापाशी बसून काय करायचं हेच पहिले काही आठवडे समजत नव्हतं. सगळे कामात गढलेले, कुणी गप्पा मारत नाही, आणि आपण बोलावं तर जपानी तोकडं.

मला या शाळेची ओळख झाली ती साफसफाईच्या वेळात. जेवण झालं की सगळी शाळा झाडायला, पुसायला लागते, मुलं, शिक्षक, सगळे. फडकी ओली करून पिळायची, दोन्ही हात फडक्यावर, गुडघे टेकायचे नाहीत आणि लांबलचक कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत पुसायचा. मला सांगितलेलं की तुम्ही केलं नाही तरी चालेल, पण मी केलं, आणि वर्गात जी मुलगी मान खाली घालून बसायची, नाव विचारलं तरी ओठ हलायचे नाहीत, ती माझ्या शेजारी फडकं घेऊन बसली आणि जपानीत म्हणाली की सेन्सेई तुमचं फडकं नीट पिळलेलं नाही. तिने माझ्या हातातून घेऊन पिळून दाखवलं, एक मूठ वर, एक मूठ खाली, मग पीळ. मी इंग्रजीत विचारलं, लाइक धिस? तिने पण तसंच म्हटलं, लाइक धिस. त्या दिवसापासून ती वर्गात माझ्याशी बोलते. वाक्य अर्धं असतं, पण बोलते. मला वाटतं शिक्षक म्हणून स्थिरावणं जे म्हणतात ते घरात पडदे लावून आणि तांदळाचा डबा भरून होत नाही, शाळेत तासाबाहेरच्या वेळात होतं. दुपारचं जेवण, झाडलोट, क्रीडादिनाची तयारी, संध्याकाळचे क्लब. कॉन्ट्रॅक्टमधे यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं.

जेवणाचं: मी शाकाहारी आहे. शाळेचं जेवण वर्गात मुलांसोबत बसून होतं, २०० मिलीची दुधाची पिशवी किंवा बाटली रोज, भात, सूप, एक भाजी, एक मासा किंवा मटण-चिकनचं काहीतरी. सूपमधे माशाचं पाणी असतंच. मी पहिल्याच आठवड्यात डबा नेते म्हणून सांगितलं, अलर्जी असलेल्या मुलांचे डबे असतातच त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. आता मुलं रोज येऊन माझा डबा बघतात, भेंडीची भाजी त्यांना फार नवलाची वाटते कारण भेंडी इथे खातात पण उकडून नाहीतर कच्ची, परतून नाही.

प्रश्न दोन आहेत. एक, हिवाळा. आमचा भाग बर्फाचा आहे, रस्त्यांचा डांबरी रंग जाऊन तांबूस झालाय, शेजारच्या आजींनी सांगितलं की रस्त्याच्या मधल्या नळ्यांतून जमिनीतलं पाणी उडवून बर्फ वितळवतात आणि त्या पाण्यातल्या लोखंडाने रस्ते असे होतात. सांगलीच्या माणसाने काय तयारी करावी? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ज्युनिअर हायस्कूलच्या एका वर्गात मला फक्त धडा वाचून दाखवायला सांगतात, मी वाचते, मुलं मागून म्हणतात, झालं. मी सहा वर्षं पूर्ण वर्ग शिकवलाय, मला याचा त्रास होतो. आणि मधेमधे एखादा मुलगा विचारतो की तुम्ही अमेरिकन नाही तर इंग्रजी कसं शिकवता, तो निरागसपणे विचारतो, पण पालकांच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या डोळ्यात पण तो प्रश्न दिसतो. जे यातून गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

अश्विनी_के

किती छान लिहिलंयस सायली. फडकं पिळायचं वाचून डोळ्यासमोर आलं सगळं. पुढचे भाग टाक.

---

माजी_एएलटी

सायली, मी जेट प्रोग्रॅममधून शिमानेला होतो, आता पुण्यात परत. जेट म्हणजे जपान सरकारचा कार्यक्रम, १९८७ पासून चालू आहे, भारतातून मोजकी माणसं घेतात, अर्ज वकिलातीमार्फत, बहुतेक सगळे जुलैअखेर-ऑगस्टमधे पोचतात आणि जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. हे यासाठी सांगतोय की पुढे वाचणाऱ्यांना फरक कळावा. २०२५ पासून जेटचा पहिल्या वर्षाचा पगार ४०.२ लाख येन झालाय, कंपनीमार्फत येणाऱ्यांना साधारण महिना दोन ते अडीच लाख येन मिळतात आणि बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमधे ऑगस्ट, डिसेंबरला सुट्ट्यांमुळे कमी. सही करण्याआधी हे विचाराच.

आता तुझा दुसरा प्रश्न. आधी कॉन्ट्रॅक्ट बघ कुठल्या प्रकारचं आहे. कंपन्यांची दोन प्रकारची कॉन्ट्रॅक्ट असतात. एकात तू कंपनीची कर्मचारी पण शाळेतले शिक्षक तुला थेट कामाच्या सूचना देऊ शकतात. दुसऱ्यात शाळेने कंपनीला नुसतं काम दिलेलं असतं, तिथे कायद्याने शाळेतल्या शिक्षकाला तुला थेट सूचना देता येत नाहीत, सगळं कंपनीमार्फत जायला हवं. त्या दुसऱ्या प्रकारात शिक्षक बिचारे बोलायलाच बिचकतात आणि सगळ्यात सोपं म्हणजे वाचून दाखवा म्हणतात. बऱ्याच वेळा ते तुझ्यावरच्या अविश्वासाने नसतं.

काहीही असलं तरी वाट बघत बसू नकोस. ज्युनिअर हायस्कूलला आठवड्याला इंग्रजीचे चार तास असतात, ५० मिनिटांचा एक, त्यात शिक्षकाला पुस्तक संपवायचं असतं, टेस्ट असतात, क्लबची जबाबदारी असते, तो रात्री आठला घरी जातो. त्याला जाऊन मला जास्त काम द्या म्हटलं तर त्याचं अजून एक काम वाढतं. त्यापेक्षा पुढच्या धड्यातला एकच मुद्दा घे, दहा मिनिटांची अॅक्टिव्हिटी अर्ध्या पानात लिही, जपानीत दोन ओळी, आणि आदल्या आठवड्यात त्याच्या टेबलावर ठेव, सोबत लिही की वेळ उरला तर. मी असंच सुरू केलं. काही कागद तसेच पडून राहिले, मग एकदा त्याने वापरला, मुलं हसली-बोलली, मग तोच मागायला लागला.

अजून एक, बोलायच्या परीक्षा आणि स्पीच काँटेस्ट. एइकेन नावाची इंग्रजीची परीक्षा असते, वरच्या पायऱ्यांना तोंडी मुलाखत असते, मुलांना सरावाला कुणीतरी हवं असतं. तू स्वतः जाऊन सांग की मी संध्याकाळी थांबते. ते काम शिक्षकाला खरोखर हवं असतं.

---

मनीष_लातूर

खूप माहितीपूर्ण धागा. माझं एमए इंग्लिश झालंय, सेट पण झालीय, पण बारावीपर्यंत मराठी माध्यम. मला अर्ज करता येईल का?

---

माजी_एएलटी

मनीष, एएलटीला जो व्हिसा लागतो त्याच्या नियमात, जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं अशी अट आहे. बीए, एमएची इंग्रजीतली वर्षं धरली तरी मराठी माध्यमवाल्याचे १२ भरत नाहीत. खासगी इंग्रजी क्लासेसचा व्हिसा वेगळा असतो, त्याला ही अट अशी नाही, पण जाहिरातीत बहुतेक ठिकाणी नेटिव्ह स्पीकर मागतात. मला हा नियम पटत नाही हे स्पष्ट सांगतो. सेट झालेल्या माणसाला इंग्रजी शिकवता येत नाही आणि माध्यम इंग्रजी म्हणून कुणालाही येतं असं नसतं. पण तुझा वेळ आणि पैसे वाचावेत म्हणून सरळ लिहिलं. एजंटने होईल म्हटलं तर पैसे देऊ नकोस.

---

मनीष_लातूर

धन्यवाद सर. वाईट वाटलं पण आधी कळलं हे बरं झालं, एकाने ८० हजार मागितलेच होते.

---

देवगडकर

मनीष, मालदीव बघा. मी तिथल्या एका बेटावर इंग्रजी शिकवतो. मला माझ्या भरतीच्या वेळी माध्यम कुणी विचारलं नव्हतं, पदवी, बीएड आणि इंटरव्ह्यू. तिथे शाळेचं माध्यमच इंग्रजी आणि दहावीला ब्रिटिश धर्तीची ओ लेव्हल, म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकावर सगळ्या विषयांचा भार असतो. शाळा रविवार ते गुरुवार, सुट्टी शुक्रवार-शनिवार. बेट एवढं लहान की विद्यार्थी, पालक, मुख्याध्यापक संध्याकाळी सगळे जेट्टीवर भेटणारच. पूर्ण मुस्लिम देश आहे, दारू आणि डुकराचं मांस फक्त रिसॉर्टवर, देवाच्या मूर्ती न्यायला बंदी, रमजानमधे शाळेच्या वेळा बदलतात, हे सगळं मनापासून मान्य असेल तरच या. पगार तिथल्या रुफियात होतो आणि डॉलर मिळायची मारामार असते, घरी पैसे पाठवणं हा कायमचा विषय आहे, तो कॉन्ट्रॅक्टच्या आधी नीट समजून घ्या. पण मान फार आहे शिक्षकाला. मी आजारी पडलो तर चार घरांतून जेवण आलं.

सायलीताई, तुमच्या धाग्यात घुसलो, माफ करा.

---

हेमंतराव

सायली, लेकी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. जपान पाहिलेला नाही. पण तुझ्या प्राथमिक शाळांबद्दल एक सांगायचं आहे.

आपल्याकडे २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपासून होतं. आम्ही प्राथमिकचे शिक्षक डीएड झालेलो, इंग्रजी आम्हाला शिकवायला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाई गणित अप्रतिम शिकवायच्या, पण इंग्रजीच्या तासाला त्यांचा घसा कोरडा पडायचा. तपासणीला साहेब आले आणि मुलांसमोर त्यांचा उच्चार सुधारला. त्यानंतर कित्येक महिने त्या इंग्रजीच्या तासाला मुलांकडून नुसतं पाटीवर अक्षरं गिरवून घेत.

तुझ्या तिथल्या प्राथमिक शिक्षकांचं इंग्रजी कधीपासून आहे ते मला ठाऊक नाही, पण असंच काही असेल तर त्यांची भीती ओळख. त्यांना मुलांसमोर कधीही सुधारू नकोस. उलट मुलांसमोर त्यांना विचार, त्यांना जे नक्की येतं तेच विचार, म्हणजे वर्गाला दिसेल की आपले सर इंग्रजी बोलतात. बाहेरून आलेल्या शिक्षिकेचं इंग्रजी मुलं थोडा वेळ ऐकतात. आपल्या सरांनी बोललेलं मात्र मुलांना आपलं वाटतं.

---

सायली_निइगाता

हेमंतकाका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. इथे अगदी हेच झालंय. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास, मार्कांसकट, आणि तिसरी-चौथीला ३५ तास ओळख म्हणून. बऱ्याच ठिकाणी वर्गशिक्षकच शिकवतात, जे स्वतः गणित, भाषा, पोहणं सगळं शिकवतात. माझ्या एका शाळेतले पाचवीचे सर, पन्नाशीचे, तास सुरू व्हायच्या आधी माझ्याजवळ येऊन हळूच पाचसहा शब्दांचे उच्चार विचारून जातात, वहीत कातकाना लिपीत लिहून घेतात. मला ते बघून आपल्याकडची मुलं इंग्रजी शब्दावर पेन्सिलने देवनागरी लिहितात तेच दिसतं. पुण्यात मी ते खोडायला सांगायचे नाही, आधाराला असू दे, हळूहळू गळून पडतं. इथेही सरांना तसंच करू दिलं.

तुम्ही म्हणता तसं परवापासून सुरू केलंय. तासाच्या सुरुवातीला मी त्यांना विचारते, सर काल रात्री काय जेवलात, आणि ते इंग्रजीत सांगतात. उत्तर आम्ही आधी ठरवून ठेवतो. मुलं काय कान देऊन ऐकतात! सर काल करी राइस जेवले याची त्यांना माझ्या सगळ्या फ्लॅशकार्डांपेक्षा जास्त उत्सुकता.

माजी_एएलटी, तुमचा अर्ध्या पानाचा उपाय करतेय. कॉन्ट्रॅक्ट बघितलं, माझं तुम्ही म्हणता त्यातलं दुसऱ्या प्रकारचं आहे. म्हणजे ते सर मला टाळत नव्हते, त्यांना अवघडल्यासारखं होत होतं. हे आधी कळलं असतं तर एवढा जीव जळाला नसता.

---

तोक्योतली_मधुरा

सायली, मी एदोगावाला राहते, मुलगा इथल्या सरकारी शाळेत सहावीत. पालक म्हणून लिहिते कारण ती बाजू कुणी लिहिली नाहीये.

आमच्या शाळेत आलेली एएलटी फिलिपिन्सची आहे. पहिल्यांदा पालकसभेत दबक्या आवाजात तेच, नेटिव्ह नाही का वगैरे. वर्षभरात तो विषय कुणी काढत नाही. कारण मुलं घरी येऊन तिच्याबद्दल बोलतात. माझ्या मुलाने मला सांगितलेली गोष्ट अशी की, मिस म्हणाली, माझ्या घरी दुसरी भाषा बोलतात, इंग्रजी मी शाळेत शिकले, मला पण आधी भीती वाटायची. त्याच्या वर्गातल्या एका जपानी मित्राला हे इतकं पटलं की त्याने तिला विचारलं, मग कसं शिकलीस? आणि तिने सांगितलं. अमेरिकन माणसाला या प्रश्नाचं उत्तर नसतं ना, तो शिकलेलाच नसतो. तू पण तुझं सांग मुलांना. लपवू नकोस, आणि त्याची सफाई पण देऊ नकोस.

आणि पालकांना भारतीय शिक्षकाची अगदीच सवय नाही असंही राहिलेलं नाही. २०१९ मधे इथे एदोगावात नगरसेवक म्हणून निवडून आलेले योगेंद्र पुराणिक, आपले मराठीच, पुढे इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. हळूहळू बदलतंय.

किराणा: तूरडाळ, कणीक, गोडा मसाल्याचं साहित्य इथल्या दुकानांतून कुरिअरने मागव, दुसऱ्यातिसऱ्या दिवशी येतं, वेळ पण सांगता येते. कढीपत्ता आणि ताज्या भाज्या भारतातून येताना अजिबात आणू नका कुणी, विमानतळावर काढून घेतात, मटण-चिकनचा कुठलाही पदार्थ पण चालत नाही. तुमच्याकडचा कोशिहिकारी तांदूळ चिकट असतो, मसालेभाताला उपयोगाचा नाही पण दहीभाताला त्यासारखा तांदूळ नाही. रताळी मुबलक, उपासाची चिंता मिटली. गणपतीला तोक्योला ये, मराठी मंडळाचा उत्सव असतो, राहायला माझ्याकडे.

---

माजी_एएलटी

मधुराताईंशी शंभर टक्के सहमत. उच्चाराच्या बाबतीत तर आपल्याकडे जास्तीची हत्यारं आहेत. जपानी मुलांना र आणि ल वेगळे ऐकूच येत नाहीत, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन आलं की ते स्वर चिकटवतात. आपण लहानपणापासून र, ल, ळ तिन्ही वापरतो, जीभ कुठे जाते हे सांगता येतं.

---

सायली_निइगाता

हो! हे मी स्पीच काँटेस्टच्या तयारीत केलंय. निवड झालेली मुलगी तीच, फडकं पिळून दाखवणारी. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आम्ही दोघी. तिला लाइट आणि राइट वेगळं काढता येईना, ती रडकुंडीला आली. मी फळ्यावर तोंडाचं चित्र काढलं, दात, टाळू, जीभ. मग तिला मराठी म्हणून दाखवलं, ला ला ला, जीभ दाताच्या मागे टेकलेली, मग ळ, जीभ मागे वळवून टाळूला. ती आरशात बघून ळ म्हणत बसली, तिला त्या आवाजाची गंमतच वाटली. मग म्हटलं आता इंग्रजीतल्या र साठी जीभ तशीच मागे ने पण कुठेच टेकवू नकोस. तिने केलं. राइट. स्वच्छ. तिला स्वतःलाच ऐकू आलं, तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. काँटेस्टमधे नंबर आला नाही, पण तिच्या आईने शाळेत येऊन मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं की तुम्हाला किती भाषा येतात. मी मोजून सांगितल्या, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि कामापुरती जपानी. त्या बाईंच्या डोळ्यात मला तो दुसरा प्रश्न अजिबात दिसला नाही.

मधुराताई, गणपतीला नक्की. मुलांना पण सांगितलं आता, की मी इंग्रजी शाळेत जाऊन शिकले, घरी मराठीच. त्यावरून वर्गात हात वर झाले, एवढे प्रश्न आधी कधी आले नव्हते.

हिवाळ्याचं कुणीतरी सांगा, डोंगरांवर पांढरं दिसायला लागलंय.

---

पराग_नागाओका

मी तुमच्याच प्रांतात, एका कारखान्यात इंजिनिअर. हिवाळ्याचं मी सांगतो.

आधी घरमालकाला विचारा की रॉकेलचा हीटर चालतो का, काही अपार्टमेंटमधे मनाई असते. चालत असेल तर तो एसीपेक्षा खूप जास्त ऊब देतो. १८ लिटरचे लाल कॅन मिळतात, पेट्रोल पंपावर भरून आणायचे, पेट्रोलच्या कॅनमधे रॉकेल किंवा उलट कधीही नाही. आणि तासातासाला खिडकी थोडा वेळ उघडायची म्हणजे उघडायचीच, झोपताना बंद करायचा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर नळाचं पाणी पाइपातून काढून टाकायची सोय असते, ती कुठे आहे ते आत्ताच मालकाला दाखवायला सांगा, पाइप फुटला तर खर्च मोठा. बूट गुडघ्यापर्यंतचे रबरी घ्या, भारतातून आणलेले ट्रेकिंगचे चालत नाहीत कारण आमच्याकडचा बर्फ ओला आणि जड असतो. छपराखालून चालू नका.

गाडी चालवणार असाल तर भारतातलं इंटरनॅशनल परमिट इथे आल्यापासून एक वर्षच चालतं, मग इथलं लायसन्स करावं लागतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्याची लेखी परीक्षा ५० प्रश्नांची झालीय, आधी फक्त १० होते. वर्ष संपायची वाट बघू नका. बर्फाचे टायर नोव्हेंबर संपायच्या आत.

आणि मनाचं सांगतो, तेही तयारीतच धरा. जपान समुद्राच्या बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारी सूर्य फारसा दिसतच नाही, दिवसच्या दिवस आभाळ खाली आलेलं. पहिल्या वर्षी मला का उदास वाटतंय तेच कळत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घरात बसू नका, गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर जा, तिथे म्हाताऱ्या बायका तुम्हाला बोलतं करतील. बोगद्यातून शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पलीकडे गुन्माला गेलात तर लख्ख ऊन असतं, मी महिन्यातून एकदा नुसता उन्हासाठी जातो.

भूकंपाची पिशवी दाराजवळ भरून ठेवा. पाणी, टॉर्च, औषधं, पासपोर्टची प्रत. १ जानेवारी २०२४ ला नोतोचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडे पण घर चांगलंच हललं होतं.

---

सायली_निइगाता

परागदादा, खूप खूप आभार, आज संध्याकाळीच मालकाला नळाचं विचारते. शाळेत भूकंपाची ड्रिल झाली तेव्हा पहिलीतली पिल्लं सेकंदात टेबलाखाली गेली आणि मला पण खूण करून बोलावत होती, त्यामुळे शाळेत काय करायचं ते पक्कं डोक्यात बसलंय, घरची पिशवीच राहिली होती.

एक शेवटचं, पुढच्या वर्षी पगारातून काहीतरी जास्तीचा कर कापतात असं एक सहकारी म्हणत होती, ते काय आहे?

---

माजी_एएलटी

रहिवासी कर. आदल्या कॅलेंडर वर्षाच्या कमाईवर असतो, १ जानेवारीला तुझा पत्ता ज्या गावात ते गाव घेतं, म्हणून पहिल्या वर्षी काहीच येत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनमधे अचानक पाकीट येतं. पगारातून कापला नाही तर चार हप्त्यांत भरायचा, कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधे पण भरता येतो. आत्तापासून दर महिन्याला थोडे बाजूला काढ. कॉन्ट्रॅक्टमधे आठवड्याचे तास २९.५ लिहिले असतील तर बहुधा हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शन तुझं तूच भरत असशील, तेही तपास. पेन्शनच्या पावत्या जपून ठेव, भारत आणि जपानमधे २०१६ पासून सामाजिक सुरक्षेचा करार आहे, दोन्हीकडची वर्षं एकत्र धरता येतात. कायमचं परत जायचं ठरलं तर भरलेल्यातले काही पैसे एकरकमी मागता येतात, पण ते घेतले की ती वर्षं पुढे धरत नाहीत, तेव्हा कुठलं परवडतं ते हिशोब करून ठरव. काही अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.